सॅकमधले मानकरी

ट्रेकला निघालेल्या माणसाची सॅक म्हणजे लग्नाचं वऱ्हाड. मिरवणारे पुढे, राबणारे मागे. दहा-बारा अवजारांचा स्विस चाकू, उंची दाखवणारं घड्याळ, घडी होणारी काठी ही सगळी व्याही मंडळी. त्यांना हाताशी, वरच्या कप्प्यात जागा. शिट्टी, सुतळी, मीठ-साखरेची पुडी आणि चिकटपट्टी मात्र तळाशी, जादा मोज्यांच्याही खाली.

या मानकऱ्यांचं गडावर काय होतं ते पाहावं. चाकू काकडी कापतो. त्यातला बूच काढायचा स्क्रू जन्मभर बेकार, कारण गडावरच्या मावशींच्या ताकाला बूच नसतं. घड्याळ कळसूबाईच्या माथ्यावर 1646 मीटरऐवजी भलताच आकडा दाखवतं आणि शिखर खरं की घड्याळ, यावर वाद रंगतो.

ओझं झालं की काटछाट सुरू होते, आणि पहिली कुऱ्हाड पाण्यावर पडते. लिटरभर पाण्याचं वजन किलोभर. त्यात कुठलीच कंपनी सूट देत नाही. म्हणून एक बाटली घरी राहते आणि गाणी वाजवायचा डबा सोबत येतो. चैत्रात टाकं कोरडं निघालं की तो डबा कोणाची तहान भागवत नाही. अंगावर फवारलेल्या सुगंधाचंही तसंच. त्याची दखल गडावर घेतलीच, तर कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ घेतं.

बुटांचा थाट तर विचारू नये. पण विंचवाला बुटांची किंमत कळत नाही. त्याला रात्री ऊबदार, अंधारी खोली हवी असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर वापरून कोकणात कितीतरी जीव वाचवले. मात्र तो उपचार दवाखान्यात मिळतो आणि दवाखाना डोंगराच्या पायथ्यापासूनही लांब असतो. सकाळी बूट उलटा करून झटकायला दोन सेकंद पुरतात.

आता तळाशी बसलेली ती शिट्टी. धुक्यात वाट चुकलेला माणूस ओरडत राहिला, तर थोड्याच वेळात त्याचा घसा बसतो. शिट्टीचा बसत नाही. मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. डोंगरातली ही मदतीची हाक जगभर ओळखली जाते. एवढं काम करणारी वस्तू चहा-वड्याच्या पैशात मिळते, म्हणूनच बहुधा तिला कोणी मान देत नाही.

आणि सगळ्यात हलकी वस्तू सॅकमध्ये नसतेच. ती घरी ठेवायची असते. एक चिठ्ठी. नुसतं ‘हरिश्चंद्रगडाला चाललोय’ म्हणून भागत नाही. पाचनईची वाट, खिरेश्वरची टोलार खिंड आणि कोकणातून चढणारी नळीची वाट, या तिन्हींची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत. शोधायला निघालेल्यांनी कुठून सुरुवात करायची?

तेव्हा नवी सॅक जरूर घ्या, रंगही आवडीचा घ्या. फक्त शिट्टी गळ्यात घाला, पाणी कमी करू नका, आणि कोणत्या वाटेनं जाणार, किती जण आहात, कधी परतणार, हे घरी लिहून ठेवल्याशिवाय उंबरठा ओलांडू नका.