जमाव पांगवण्याचा सोपा उपाय

आजवर पाहिलेला सर्वांत भिकार सिनेमा कोणता, हा विषय सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जळकोटात चहाच्या टपरीवर काढून बघा. एरवी उसाच्या भावावरून हमरीतुमरीवर येणारी माणसं इथे एकदिलाने शिव्या घालतात. ‘शोले’ला हात लावल्याबद्दल २००७ च्या ‘राम गोपाल वर्मा की आग’ला अजून माफी नाही. मिथुनचा १९९८ चा ‘गुंडा’ मात्र इतका वाईट, की लोक आता तो हौसेने बघतात आणि त्यातले यमकबद्ध संवाद पाठ म्हणतात.

पण मानाचा नारळ ‘देशद्रोही’लाच. २००८ साली मुंबईत परप्रांतीयांवरून वातावरण तापलेलं असताना कमाल खान यांनी स्वतःलाच नायक करून हा सिनेमा काढला. महाराष्ट्र सरकारने कायदा-सुव्यवस्थेचं कारण देत त्यावर बंदी घातली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. फुकट पास देऊनही ज्याच्याकडे कोणी फिरकलं नसतं, त्या सिनेमासाठी सरकार, वकील आणि न्यायमूर्ती कामाला लागले. एवढी जाहिरात निर्मात्याला पदरचे पैसे मोजूनही जमली नसती.

खरं तर सरकारचा हिशेबच उलटा होता. जमाव पांगवायला अश्रुधूर, लाठ्या, जमावबंदी कशाला? चौकात पडदा लावून ‘देशद्रोही’ सुरू करायचा. मध्यंतरापर्यंत बंदोबस्तावरचे पोलीससुद्धा उरणार नाहीत.