मुद्दा क्रमांक ९

ज्यांनी मुद्दा क्रमांक ९ वाचलेला नाही, ते भाग्यवान. त्यांनी ऑनलाइन अर्ज कधी स्वतः भरलेला नाही. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या हातात कागद आणि नोट ठेवली आणि बाहेर कटिंग पीत उभे राहिले. बाकीच्यांना ती पुस्तिका तोंडपाठ आहे. ‘वापरकर्त्यांसाठी मार्गदर्शक सूचना’. आधी संगणकावर टाइप केलेली, मग छापलेली, मग सही-शिक्का मारलेली आणि मग तिरकी स्कॅन करून पुन्हा संगणकावर चढवलेली. कुठल्या कार्यालयाची, हे विचारू नका. एकाने दुसऱ्याची उचलली आहे, वरचं बोधचिन्ह तेवढं बदललं आहे. काही ठिकाणी तेही बदलायचं राहून गेलं आहे.

तर मुद्दा ९. ‘अर्जदाराने इंटरनेट एक्सप्लोरर उघडून टूल्स, इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, कस्टम लेव्हल या क्रमाने जावे व ॲक्टिव्हएक्स या शीर्षकाखालील सर्व पर्याय एनेबल करावेत.’ खाली चित्र आहे आणि चित्रावर लाल वर्तुळ.

त्या वर्तुळाविषयी आज बोलायचं आहे.

चित्रातल्या यादीत ‘सुरक्षित अशी खूण नसलेले प्रोग्राम चालवायचे का?’ अशा अर्थाची एक ओळ आहे. तिच्याखाली तीन पर्याय. ‘नको’च्या पुढे कंसात लिहिलंय, शिफारस केलेले. ‘चालवा’च्या पुढे कंसात लिहिलंय, सुरक्षित नाही. हे कंस कुणा टीकाकाराने किंवा प्रतिस्पर्ध्याने टाकलेले नाहीत. ज्या कंपनीने हा ब्राउझर बनवला, तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्याच मालाबद्दल, ग्राहकाला कळेल अशा ठिकाणी लिहून ठेवलं आहे की बाबा रे, हे सुरक्षित नाही. आणि आमच्या पुस्तिकेतलं लाल वर्तुळ नेमकं याच पर्यायाभोवती आहे.

वर्तुळ माउसने काढलंय, त्यामुळे ते वर्तुळ कमी आणि बटाटा जास्त झालंय. पण काढणाऱ्याने काळजी घेतली आहे. रेघ अक्षरांवर चढू दिलेली नाही. कंसातला ‘सुरक्षित नाही’ हा मजकूर बाहेर राहू नये म्हणून बटाटा उजवीकडे जरा ओढून लांबवलाय. म्हणजे त्याने तो मजकूर पाहिला. पाहिल्याशिवाय कुणी त्याच्याभोवती इतक्या निगुतीने फिरत नाही. मग हे पान तपासणाऱ्याकडे गेलं, तिथून मंजूर करणाऱ्याकडे, तिथून शिक्का मारणाऱ्याकडे. शिक्क्यासाठी पानावर मोकळी जागा शोधावी लागते, म्हणजे त्यानेही पान बघितलंच. एवढ्या डोळ्यांखालून ‘सुरक्षित नाही’ गेलं आणि एकालाही वाटलं नाही की थांबा, आपण जनतेला नेमकं काय करायला सांगतोय? उलट पुढच्या आवृत्तीत वर्तुळाला बाण जोडला गेला. बाणावर ‘येथे क्लिक करा’. अर्जदाराने हे मान्य केलं की ती ओळ लालसर होते. मग एक्सप्लोरर विचारतो, नक्की बदलू का? मग वर पिवळी पट्टी येते की तुमच्या सध्याच्या सेटिंगमुळे संगणक धोक्यात आहे, इथे क्लिक करा, मी सगळं पूर्ववत करून देतो. बिचाऱ्या एक्सप्लोररने आयुष्यभर बोलणी खाल्ली, पण शेवटच्या क्षणी तो तुमच्या पाया पडतो. त्यावर आमचा मुद्दा १० असा: ‘पिवळी पट्टी आल्यास दुर्लक्ष करावे.’ मुद्दा ११, पॉपअप ब्लॉकर बंद करावा. मुद्दा १२, अँटिव्हायरस तात्पुरता बंद करावा. पुन्हा चालू कधी करावा, त्याचा मुद्दा नाही. अर्ज ‘प्रलंबित’ असेपर्यंत तो बंदच ठेवायचा असावा, म्हणजे कायमचा.

एक्सप्लोररचा जन्म १९९५ चा. त्यातली ॲक्टिव्हएक्स नावाची ही सोय १९९६ ची. वेबपानाला तुमच्या संगणकावर थेट प्रोग्राम चालवू द्यायचा आणि त्या प्रोग्रामने तुम्ही जे करू शकता ते सगळं करायचं, फाइल वाचायची, पुसायची, दुसरीकडे पाठवायची. त्या काळी लोकांना इंटरनेटवर सगळे सज्जन भेटत, असं धरून ही सोय केलेली असावी. २००१ मध्ये सहावी आवृत्ती आली आणि नंतर पाच वर्षं सातवी आलीच नाही, कारण शर्यतीत दुसरं कोणी उरलं नव्हतं. मधल्या काळात फायरफॉक्स आला, नोव्हेंबर २००४ मध्ये. क्रोम आला सप्टेंबर २००८ मध्ये. जानेवारी २०१० मध्ये जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा यंत्रणांनी आपल्या नागरिकांना सांगितलं की तूर्त एक्सप्लोरर वापरू नका, दुसरं काहीतरी घ्या. मार्च २०११ मध्ये तर बनवणाऱ्या कंपनीनेच सहावी आवृत्ती जगातून घालवण्याची मोहीम उघडली. शेवटी १५ जून २०२२ रोजी विंडोज १० वरच्या एक्सप्लोरर ११ चा आधार तिने काढून घेतला. दक्षिण कोरियात बँका आणि सरकारी पानांनी लोकांना वर्षानुवर्षं याच ॲक्टिव्हएक्सच्या दावणीला बांधलं होतं. तिथल्या एका संगणक अभियंत्याने ग्योंगजू शहरात एक्सप्लोररचं थडगं उभारलं आणि दगडावर कोरलं की दुसरे ब्राउझर डाऊनलोड करायला हे चांगलं साधन होतं.

कोरियात थडगं झालं. आमच्याकडे टेबल आहे.

टेबल खोलीच्या कोपऱ्यात असतं. त्यावर चौकोनी मॉनिटर, खाली प्लास्टिकच्या स्टुलावर सीपीयू, वर चिकटपट्टीने लावलेला कागद, ‘हात लावू नये’. आत विंडोज ७, ज्याचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. हा संगणक अपडेट करत नाहीत, कारण अपडेट केला की पान उघडत नाही. पान दुरुस्त करत नाहीत, कारण या संगणकावर ते उघडतं. टेबलामागच्या बाईंशी होणारा संवाद ठरलेला आहे.

‘मॅडम, घरी पान उघडत नाहीये.’

‘एक्सप्लोररमध्ये उघडा, काका.’

‘अहो, एक्सप्लोरर बंद झाला.’

‘तुमच्याकडे बंद झाला असेल. आमच्याकडे चालतो.’

बाईंचा यात काही दोष नाही. त्यांना जे टेबल मिळालं, ते त्या चालवतात. काका डोंबिवलीला घरी जातात आणि मुलीला फोन लावतात. मुलगी घोडबंदर रोडला राहते, संगणकातलं तिला कळतं. वडिलांच्या संगणकावर फायरफॉक्स तिनेच बसवून दिलाय, क्रोमही आहे. दोन्हीत अर्जाचं पान पांढरंफटक उघडतं आणि मधोमध एक ओळ येते, ‘कृपया इंटरनेट एक्सप्लोरर ८ किंवा त्यावरील आवृत्ती वापरा’. क्रोमने मार्च २०२२ मध्येच शंभरी गाठली. आठाच्या वर शंभर येतात हे शाळेत शिकवतात, पण पानाला ते मान्य नाही. मग काका कुणाकडून तरी एक्सप्लोरर ११ असलेला जुना लॅपटॉप मिळवतात. पान तोही नाकारतं! याला कारण आहे. अकराव्या आवृत्तीने ब्राउझर वेबपानांना स्वतःची जी ओळख सांगतो, तिच्यातून जुनं नाव काढून टाकलं. जुनी पानं त्या नावाचीच अक्षरं शोधतात, ती सापडत नाहीत, मग पान ठरवतं की हा एक्सप्लोररच नव्हे. एक्सप्लोररमध्येच उघडा म्हणून हटून बसलेलं पान समोर साक्षात एक्सप्लोरर आला तरी त्याला ओळख दाखवत नाही. त्यासाठी पुस्तिकेत मुद्दा ६ आहे, ‘कंपॅटिबिलिटी व्ह्यूमध्ये संकेतस्थळ समाविष्ट करावे’. म्हणजे अकराने आपण जुने आहोत असं सोंग आणायचं. वय चोरण्याचे प्रकार आजवर उलट्या दिशेने ऐकले होते.

मुलगी हुशार. ती सांगते, बाबा, नव्या एज ब्राउझरच्या पोटात ‘आयई मोड’ नावाची खिडकी आहे, तिच्यातून जुनी पानं उघडतात, निदान २०२९ पर्यंत तरी. काका ती उघडतात आणि चक्क अर्ज दिसतो. सोसायटीत पेढे वाटायचे तेवढे बाकी राहतात. पण ती परवानगी एका पानाला ३० दिवसांपुरती असते, मग पुन्हा द्यावी लागते. पेन्शनरला हयातीचा दाखला नोव्हेंबरात एकदाच द्यावा लागतो. मेलेल्या एक्सप्लोररला तो दर महिन्याला लागतो. आणि एवढं करून पान उघडल्यावर काय? मुद्दा ९ आहेच. खिडकी नवी असली तरी वर्तुळ जुनंच.

आता पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर चला. तिथे अक्षर इतकं बारीक आहे की स्कॅनमध्ये मुंग्यांची रांग दिसते. ‘संगणकाच्या व माहितीच्या सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची राहील.’

इथे माझं हसू संपतं. घराची कडी तुम्ही काढायला लावली, खिडक्या तुम्ही उघडायला लावल्या, कुत्र्याला बांधून ठेवायला तुम्ही सांगितलं, त्याचं सचित्र पुस्तक तुम्ही काढलं, आणि चोरी झाली तर जबाबदार कोण, तर घरमालक! बरं, हेच लोक वर्षातून एकदा सायबर सुरक्षेचं व्याख्यान ठेवतात. डोंबिवलीत व्याख्यानाला कधी खुर्च्या रिकाम्या राहत नाहीत. वक्ते पडद्यावर दाखवतात की अनोळखी लिंक उघडू नका, ब्राउझर अद्ययावत ठेवा, अँटिव्हायरस बंद करू नका, समोरचा कितीही अधिकारवाणीने बोलला तरी घाबरून सेटिंग बदलू नका. ज्येष्ठ नागरिक पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घेतात. मध्यंतरी तर कुणालाही फोन लावला की घंटी वाजायच्या आधी सायबर चोरांपासून सावध राहायची टेप ऐकावी लागायची. आणि दुसऱ्या दिवशी तेच ज्येष्ठ, तीच वही घेऊन अर्ज भरायला बसतात, तेव्हा शिक्क्याची पुस्तिका त्यांना वहीतली प्रत्येक ओळ खोडायला लावते. पिवळी पट्टी दिसली की दुर्लक्ष करायचं, इशारा आला की ‘हो’ म्हणायचं, हे ज्यांच्या बोटांना तुम्ही शिकवलंत, त्यांना उद्या ‘डिजिटल अटक’वाला भामटा फोनवर ‘घाबरू नका, येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणा’ असं सांगेल, तेव्हा ते काय करतील? भामट्याला शिकवणीसुद्धा घ्यावी लागणार नाही, ती तुम्ही फुकट घेऊन ठेवली आहे. आणि खात्यातले पैसे गेले की पुन्हा तुम्हीच म्हणणार, ग्राहकाने पुरेशी काळजी घेतली नाही.

आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात धोक्याची भाषा सगळ्यांना कळते. दर वर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लागते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा आणि पाडा. तरी लोक राहतात, कारण जायचं कुठे, भाडं कोण देणार, ताबा गेला तर पुन्हा मिळेल का. त्यांची अडचण समजते. पण इथे बांधणाऱ्यानेच इमारत सी-१ ठरवली आहे, दारावर स्वतः पाटी लावून तो निघून गेला आहे, शेजारी नव्या इमारती फुकट उभ्या आहेत, आणि आमच्या कार्यालयांनी त्या पाटीखाली दाखलेवाटपाचं शिबिर भरवलं आहे. वर सूचना, आत येताना हेल्मेट काढून ठेवावे.

सोपा उपाय नाही, असंही नाही. पान एक्सप्लोररला चिकटून राहिलं ते मुख्यतः डिजिटल सहीच्या टोकनमुळे. पेनड्राइव्हसारखं ते टोकन वाचायला पानाला ब्राउझरबाहेर हात घालावा लागायचा, म्हणून ॲक्टिव्हएक्स. आज सही करणारा एक छोटा प्रोग्राम संगणकावर एकदा बसवला की कोणत्याही ब्राउझरमधून ते काम होतं. अनेक ठिकाणी होत आहे. जिथे होत नाही, तिथे तंत्र आडवं आलेलं नाही. लोकांना रांगेत उभं करण्याचा खर्च कुठल्याही हिशेबात लागत नाही, म्हणून ते होत नाही.

तेव्हा वाचकहो, कुठलाही अर्ज तुम्हाला ब्राउझरची सुरक्षा कमी करायला सांगत असेल तर करू नका. पान बंद करा. अर्ज कागदावर लिहा, जाऊन द्या, तारखेची पोच मागा, आणि घेत नसतील तर घेत नाही असं लिहून मागा. ज्या मुलांना संगणकातलं कळतं, त्यांनी आईवडिलांच्या यंत्रावरची ती कस्टम लेव्हल आधीच्या अर्जापासून तशीच उघडी राहिली आहे का, हे या रविवारी जाऊन बघावं.

आणि साहेब, तुम्हाला एवढंच. नवीन संकेतस्थळासाठी निविदा काढा. फक्त ती निविदा भरायला एक्सप्लोरर लागणार नाही, एवढं बघा.