दबून खेळणारे अण्णा

अण्णा म्हटल्यावर राळेगणसिद्धी आठवली असेल, तर ते नव्हेत. हे अण्णा राहुरीपासून जामखेडपर्यंत नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) कुठल्याही गावात सापडतात. श्रावणातला जागर असो की लग्नाची आदली रात्र, मांडवाच्या खांबाला पाठ टेकून बसलेले. खेळ तीन पत्ती. पोलिसांच्या फिर्यादीत हिलाच 'तिरट' म्हणतात आणि 1887 च्या जुगार कायद्याचं कलम लावतात. म्हणून अण्णा पैशांऐवजी शेंगदाणे मांडतात. निदान दार उघडं असेपर्यंत तरी.

भारी पानं आली की माणूस फुलतो. अण्णा कोमेजतात. पानं बघून सुस्कारा सोडतात, "आज बसायलाच नको होतं," म्हणतात आणि तंबाखू मळायला घेतात. एवढं झालं की जाणत्यानं ओळखावं, ट्रेल लागलीय, म्हणजे तिन्ही पानं सारखी. बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे 22,100 हात निघतात. त्यांत ट्रेल अवघ्या 52. सव्वाचारशे डावांत एकदा येणारी ही लक्ष्मी पहिल्याच चालीला वाजवली, तर बाकीचे पॅक करणार, म्हणजे पानं टाकून देणार, आणि पदरात पडणार बुटाचे, म्हणजे सुरुवातीलाच सगळ्यांनी मांडलेले, चार दाणे. अण्णांना हे भावकीतल्या मानपानाहून जास्त लागतं.

तेव्हा तीन-चार जण ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळत असतील तोवर अण्णा गरीब. पानं बघितलेल्याला ब्लाइंडवाल्याच्या दुप्पट टाकावं लागतं, तेवढंच टाकतात, तेही कण्हत. शेजाऱ्यानं साइड शो (दोघांनीच पानं ताडून बघणं) मागितला तर, "राहू दे रे, कशाला म्हाताऱ्याची अब्रू काढतो?" दयेपोटी नव्हे, साइड शो दिला तर शेजारी पॅक होईल आणि एक गिऱ्हाईक कमी होईल. पुढे कुणीतरी पानं बघतो, त्याला जोड लागलेली असते, तो आपणहून चढतो. दोघंच उरले की मात्र अण्णांचा सुस्कारा थांबतो. आता दबून राहिलं तर समोरचा स्वस्तात शो मागेल. मग पहिल्यांदाच चाल दुप्पट होते आणि समोरच्याला दरदरून घाम फुटतो.

पुण्याच्या भाच्यानं पोकर शिकवला, तिथे ही विद्या बुडाली. अण्णांकडे तीन गुलाम. नेहमीप्रमाणे गप्प बसले, आणि भाच्यानं फुकटात पुढचं पान बघून कलर पुरा केला. "तीन पत्तीत वाटलेलं पान बदलत नाही," अण्णा चिडून म्हणाले, "हा खेळ नाही, बाजार समिती आहे."

आता बाजार समितीतही अण्णा दबूनच खेळतात, हा भाग वेगळा. 2023 ला चाळ उन्हाळ कांद्यानं गच्च होती. व्यापाऱ्याला सांगत, "निम्मा सडलाय हो." ऑगस्टात भाव हलू लागला, तरी अण्णा गप्प. 19 तारखेला केंद्रानं निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. अण्णांचा धीर सुटला. सगळा माल घोडेगावच्या लिलावात घातला. ऑक्टोबर सरता सरता कांदा कडाडला, तेव्हा चाळीत फक्त पाचट होतं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात चाळ पुन्हा भरते. विचारलं तर म्हणतात, "काही नाही, घरच्या खाण्यापुरता." असं म्हणाले की तुम्ही आपले पॅक करा.