घाटावरची मांजरं घाटाखाली

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा, पण नवा माणूस भेटला की त्याला एकच प्रश्न विचारतात : घाटावरचे की घाटाखालचे? चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि खुद्द बुलढाणा हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. निधी आला की घाटावरच्यांना वाटतं तो घसरून खाली गेला, आणि घाटाखालच्यांना वाटतं तो वरच अडला. दोन्हीकडे बिनतक्रार, समसमान पोचते अशी एकच गोष्ट आहे. मांजरं.

पद्धत सोपी आहे. घरात मांजर व्यालं की पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत कौतुक. मुलं नावं ठेवतात, शेजारी वाटीभर दूध आणून पुण्य पदरात पाडून घेतात. पिल्लं चालू लागून गादीवर ओल आली की कौतुक आटोपतं. मग एखादा रविवार बघून खताचं रिकामं पोतं निघतं. तोंडाला सुतळी, हवा लागावी म्हणून चार भोकं (हा दयाधर्म), आणि राजूर घाट उतरून मोताळ्याच्या अलीकडे कुठंतरी विसर्जन. घाटाखालचा माणूस हेच पोतं घेऊन वर चढतो. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आम्ही सात गावं फिरवतो.

मारत मात्र कुणी नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी मला बजावूनच ठेवलं आहे, "मांजर मारलं तं काशी करा लागते, भाऊ. सोन्याचं मांजर दान द्या लागते." सोन्याचा तोळा लाखाच्या पुढं गेल्यापासून जिल्ह्यातली मांजरं त्यामुळं आणखीच सुरक्षित झाली आहेत. आपलं खामगाव चांदीसाठी नावाजलेलं, रजतनगरीच म्हणतात त्याला; तिथं एखादं चांदीचं मांजर घडवून घेतलं तर भागेल का, असं मी विचारून पाहिलं. काकूंनी "तसं शास्त्रात नाई" म्हणून अर्ज फेटाळला. सोडून देण्याबद्दल मात्र शास्त्र गप्प आहे. पोतं रिकामं करून गाडी वळवताना मागं बघायचं नाही, एवढा एक नियम पाळला की झालं. मांजर दूध पिताना डोळे मिटतं अशी म्हण आहे. त्याचं दूध तोडताना आपण मिटतो, याची म्हण अजून व्हायची आहे.

मागच्या पावसाळ्यात ही वेळ माझ्यावर आली. गल्लीतलीच एक करडी मांजर आमच्या दिवाणातल्या गोधड्यांवर व्याली. पिल्लं तीन. महिनाभरानं घरात ठराव मंजूर झाला आणि अंमलबजावणी माझ्याकडे आली. स्कूटरच्या पुढ्यात पोतं ठेवून मी राजूर घाटात शिरलो. धुकं, झिमझिम पाऊस, कठड्यावर माकडं. एका वळणावर एक बाई ताडपत्रीखाली कणसं भाजत बसलेली. मी थांबलो. तेवढ्यात खालून एक मोटारसायकल आली, तीही थांबली. तिच्या टाकीवर पोतं.

"कणसं का?" त्यानं माझ्या पोत्याकडं बघून विचारलं.

"हो. तुमची?"

"आमची बी कणसंच."

एवढ्यात त्याच्या कणसांनी म्याव केलं. माझ्या कणसांनी उत्तर दिलं.

क्षणभर दोन राज्यांच्या पाणीवाटपाच्या बैठकीत असते तशी शांतता पसरली. मग तो म्हणाला, "म्हणजे तुमी लोक आमच्या खाली आणून सोडून राह्यले!" मी म्हटलं, "आणि तुम्ही वर कुणाच्या सत्काराला चाललात?" त्यानं घाटाखालच्यांवर घाटावरच्यांनी केलेल्या अन्यायाचा पाढा सुरू केला. मी अनुशेष काढला. शेवटी निखाऱ्यावर कणीस फिरवत त्या बाई म्हणाल्या, "दोघं बी आपआपली घरी घेऊन जा न बाप्पा. पेट्रोल तरी वाचन."

जिल्हा नियोजनावर एवढं मुद्देसूद भाषण मी ऐकलेलं नाही. पावसाचा जोर वाढला, आम्ही दोघांनीही घाईत हाताला लागलं ते पोतं उचललं आणि परत फिरलो. घरी येऊन सुतळी सोडली तर आत पाच. बदली रद्द झालेली मी पाहिली आहे. बदली रद्द होऊन वर दोन जादा पदं मंजूर झालेली पहिल्यांदाच पाहिली.

करडी सकाळपासून घरभर फिरत होती. दिवाणाखाली, माळ्यावर, न्हाणीत, जाईल तिथं एकाच बारीक, घशातल्या आवाजात हाक घालत होती. पाच परकी पिल्लं समोर आली तेव्हा तिनं एकेकाला हुंगलं. एकावर फिसकारली. माघारी गेली, परत आली, पुन्हा हुंगलं. अर्ध्या तासानं गोधडीवर आडवी झाली आणि पाचही चिकटली. मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत हे ठाऊक होतं. घाटाखालच्या पिलांनाही लागले नाहीत. आमच्या एकाही पक्षाला हे अजून जमलेलं नाही.

त्या रात्री अपराधी वाटून मी कायदा काढून बसलो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. भुकेतहानेनं हाल होतील अशा रीतीनं जनावर टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान दहा रुपये, कमाल पन्नास. पेट्रोल शंभरीच्या पुढं. म्हणजे मांजर घाटाखाली सोडायला जेवढा खर्च येतो, त्यापेक्षा पकडलं जाणं स्वस्त पडतं. तिघं जण मिळून गेले तर माणशी कणीसही परवडेल.

पण पकडणार कुणाला आणि कशाबद्दल? मुदलात मांजर आहे याला पुरावा काय? देशाची एकविसावी पशुगणना २५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. गाय, म्हैस, मिथुन, याक, मेंढी, शेळी, डुक्कर, उंट, घोडा, तट्टू, खेचर, गाढव, कुत्रा, ससा आणि हत्ती असे पंधरा पशू तिच्यात मोजायचे होते, शिवाय कोंबड्या-बदकं. मोकाट कुत्र्यांचीही मोजदाद होती. आमच्या घरी याक नाही, मिथुन नाही, हत्ती तर भाड्यानंही परवडत नाही. या तिघांना रकाने आहेत. मांजरं सहा आहेत, रकाना नाही. यादीत नसलेल्या लाभार्थ्याला योजना मिळत नाही हे रेशनच्या रांगेत उभा राहिलेला कुणीही सांगेल.

याच मावशीच्या भाच्याचा थाट बघा. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून गळ्यात रेडिओ कॉलर घालून एक तरुण वाघ निघाला, महाराष्ट्र-तेलंगणात तेराशे किलोमीटर हिंडला आणि वर्षाअखेरीस आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याचं प्रत्येक पाऊल उपग्रह मोजत होता. त्याला सोबतीण आणावी का, यावर तज्ज्ञ विचार करत होते. मावशी खामगावच्या बाजारात पोत्यामागं व्याली तर तिचं पाऊल कोण मोजतो? तिनं रस्ता ओलांडला की तेवढी नोंद होते, तीही पुढच्याचं काम बिघडल्याबद्दल. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न उंदरांना पडला होता. सरकारी यंत्रणेला तोही पडलेला नाही.

सरकार मोजत नाही, तेव्हा भाकितासाठी आता उरलं भेंडवळ. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात. गोल रिंगणात अठरा धान्यं, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, कुरडई, शिवाय पानसुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य कुठं सरकलं यावरून पीक-पाणी सांगतात, आणि पानसुपारीवरून राजाची गादी. रात्रभर तिकडं कुणी फिरकत नाही म्हणतात. माणूस फिरकत नाही, कबूल. पण शेतात धान्य पसरलं की उंदीर येतो आणि उंदीर आला की मांजर येते, हे सांगायला घट लागत नाही. तेव्हा एखाद्या वर्षी सुपारी हललीच, तर राजीनामा मागण्याआधी आजूबाजूला पंजाचे ठसे बघून घ्यावेत, एवढी नम्र सूचना.

मांजरांचं भाकीत मात्र कागदावर मांडता येतं. मांजर दोन महिने गाभण राहते, एका वेळी तीन-पाच पिल्लं देते, वर्षातून दोनतीनदा व्यायला तिची ना नसते, आणि तिची लेक पाचसहा महिन्यांची झाली की तीही तयार. एकीची वर्षाला आठ धरा, त्यात माद्या चार. दुसऱ्या वर्षी माद्या पाच आणि नवी पिल्लं चाळीस. त्यातली बरीच जगत नाहीत, म्हणून आपल्याला अजून रस्ता दिसतो. वाटीभर दुधाचं पुण्य या हिशेबात कुठंच बसत नाही. उलट आईवेगळ्या पिलाला गाईचं दूध पाजलं की त्याला हगवण लागते, आणि पाजणारा म्हणतो, "नशिबातच नव्हतं त्याच्या." काकूंनी एका पिलाला ताप म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी आणली होती. ती मांजराला विष आहे, हे मला डॉक्टरांकडून आदल्याच दिवशी कळलं होतं म्हणून ते पिल्लू वाचलं. दया आमच्याकडे भरपूर आहे. फक्त ती मांजरानं सोसली पाहिजे.

डॉक्टरांपर्यंत पोचणं हेही एक प्रकरणच. आधी जिथं गेलो तिथल्या गृहस्थांनी रजिस्टर उघडून विचारलं, "जनावर कोणतं?"

"मांजर."

"दूध किती?"

"अर्धी वाटी पिते."

"देते किती?"

मी पिशवी उचलून बाहेर आलो. शेवटी अकोल्याचे एक डॉक्टर नसबंदीच्या शस्त्रक्रियेला तयार झाले. पिल्लं सुटी झाल्यावर करडीला न्यायचं ठरलं. रानटी वळणाची मांजर हातानं धरायची नसते, हे माझ्या मनगटावर तिनं लिहून दिलं. (साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, मग इंजेक्शनं. मांजराच्या ओरखड्यालाही रेबीजची लस लागते. हळद पुरत नाही.) मग पिंजरा आणला, आत सुकट ठेवली, दार पडल्याबरोबर वरून जाड चादर टाकली. अंधार झाला की मांजर गप्प होते. बसमध्ये कंडक्टरनं चादरीचं टोक उचलून बघितलं आणि अदबीनं विचारलं, "मावशींचं अर्धं का पूर्ण?"

शस्त्रक्रिया झाली, लस झाली आणि डाव्या कानाचं टोक किंचित कापलं गेलं. भूल असतानाच कापतात. लांबूनच कळावं की हिचं झालेलं आहे, हिला पुन्हा पकडू नका. आणि मग तिला जिथून धरलं तिथंच सोडायचं. हेच आमच्या जिल्ह्याला पटत नाही. पकडलं, खर्च केला, आणि परत गल्लीतच? पण खरकटं, उंदीर आणि वळचण जागेवर असेपर्यंत एक मांजर उचललं की दुसरं तिथं येतं. घाटाखालून माणसंच पोती भरून आणतात, त्यामुळं वाटही बघावी लागत नाही. आपली, न विणारी, लस टोचलेली मांजर जागा धरून बसली की नव्या पाहुण्याला ती स्वतःच हाकलते. नगरपालिकेला असा बिनपगारी माणूस शोधून सापडणार नाही.

पुण्या-मुंबईच्या महापालिका मांजरांच्या नसबंदीपर्यंत आल्या आहेत. पुण्यानं २०२२ मध्ये पाळीव मांजरालाही परवाना काढायचं ठरवलं. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथंच हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं निघाली आणि शेजाऱ्यांनी नाकाला रुमाल लावून तक्रार केली. आमच्यातले काही लोक ती बातमी वाचून हसले. मला तर तो फ्लॅट ओळखीचा वाटला. आमचाही जिल्हा तसाच भरलेला आहे. फक्त खोल्या तेरा असल्यामुळं आम्ही मांजरं एकीतून दुसरीत ढकलत राहतो आणि वास आला की दार लावून घेतो.

परवा कामानिमित्त घाट उतरत होतो. त्याच वळणावर, त्याच ताडपत्रीखाली थांबलो. निखाऱ्याच्या उबेला एक बांडी मांजर अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. डाव्या कानाचं टोक कापलेलं.

"कोणाची व ही, मावशी?"

"कोनाची नाई. खालचा एक भाऊ घेऊन आलता. दवाखान्यातून आनली म्हने. आता हितंच राह्यते."

माझ्या तिघांत एक बांडी होतीच. ती हीच का, हे कुणाला विचारणार? मोटारसायकलवाल्याचं नाव मी विचारलं नव्हतं. त्यानंही माझं विचारलं नव्हतं. मी हात पुढं केल्यावर तिनं एक डोळा उघडला आणि परत मिटला.

"दोन कणसं द्या," मी म्हटलं.

बाईंनी माझ्या स्कूटरकडं एकदा नीट निरखून पाहिलं. "खायाची का सोडाची?"