ट्रॉलीखालच्या मालकांस अनावृत पत्र

मा. हायड्रॉलिक जॅकसाहेब,
मुक्काम पोस्ट ट्रॉलीखाली, जि. बुलढाणा



आमच्या जिल्ह्यात आपल्याइतका विश्वास कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. सख्ख्या भावाने धुरा कोरला, तर आम्ही मोजणी आणतो. कापूस विकताना काटा दोनदा बघतो. पण ट्रॉली वर उचललेली दिसली, की ग्रीस भरायला बिनघोर खाली शिरतो. डोक्यावर टनावारी लोखंड, आधाराला तेल आणि एक रबरी सील! ते फाटलं, किंवा एखाद्या पोराचा हात लिव्हरला लागला, की संपलं. टेकू लावायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ आम्हाला कुठला?

खामगाव-मलकापूरकडच्या जिनिंग-प्रेसिंगमधले आपले थोरले बंधू १७० किलो रुई दाबून तिची एक गाठ करतात. यंत्राच्या धोकादायक भागांना जाळी हवी, असं १९४८च्या कारखाने अधिनियमातच सांगितलं होतं. जाळी काढून भिंतीला टेकवली, तरी ती कारखान्यात असतेच ना!

आपल्या पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, की आम्ही ते बोटाने चाचपतो. दीडशे-दोनशे बार दाबाचं तेल कातडीतून थेट आत शिरतं. वर दिसतो मुंगी चावल्यासारखा ठिपका. आम्ही हळद लावून घरी जातो. त्याच रात्री हात सुजतो आणि ज्या तासांत ऑपरेशन व्हायला हवं होतं, ते झोपेत जातात.

आपली माया दाब उठल्यावरही सुटत नाही. १९४१ साली लंडनमध्ये बॉम्बहल्ल्याच्या ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी मूत्रपिंड बंद पडून दगावली. चेंगरलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरून हे घडतं, हे डॉ. बायवॉटर्स यांनी तेव्हा दाखवून दिलं. म्हणून बराच वेळ अडकलेल्या माणसाला सलाइन सुटकेआधीच सुरू करावं लागतं. आमच्याकडे मात्र आधी चार जण पाय ओढतात, पाचवा व्हिडिओ काढतो आणि १०८ला फोन सर्वांत शेवटी जातो.

तेव्हा एकच विनंती. खाली येण्यापूर्वी घरातल्या सासऱ्यासारखे जरा खाकरत चला. ते आपल्या स्वभावात नसेल, तर नाइलाजाने टेकू आम्हीच लावू.

कळावे. लोभ असावा, पण जरा लांबूनच.

आपला,
एक ट्रॅक्टरवाला
(दहाही बोटांसह)