मासे पाळा!

उल्हासनगरात दुकानाची पायरी चढलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उतरलं, तर दुकानदाराला रात्री झोप लागत नाही. लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या निर्वासित सिंध्यांनी काही ना काही विकतच हे गाव उभं केलं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्याला नाव दिलं. तेव्हापासून इथे काय विकलं जातं, यापेक्षा काय विकलं जात नाही ते सांगणं सोपं. अशा गावात, त्यातही जीन्सवाल्या कॅम्प ५ मध्ये, एक गृहस्थ आलेलं गिऱ्हाईक घालवून देण्यासाठी प्रसिद्ध आहेत. गल्ली त्यांना 'बीगलवाले साईं' म्हणते.

साईंचा पोटापाण्याचा धंदा लेबलांचा. घराघरांत शिवल्या जाणाऱ्या जीन्सना लागणारी बटणं, चेन, रिबिटं आणि मागची चामड्यासारखी दिसणारी पट्टी त्यांच्याकडे मिळते. पट्टीवर काय छापायचं ते गिऱ्हाईक सांगतं, हजाराचा भाव साईं सांगतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद ते स्वतःच सांगतात आणि समोरच्याच्या आधी हसतात. पण दुकानामागच्या खोलीचं दार उघडलं की हसू मावळतं. तिथे लेबल चालत नाही. तिथल्या प्रत्येक बीगल कुत्र्याला मायक्रोचिप आहे, चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद आहेत आणि त्याच्या आज्या-पणज्यांची नावं साईंना तोंडपाठ आहेत. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं, तर मात्र ते बायकोला हाक मारतात.

"ये कुत्ता नहीं है भाऊ, नाक है नाक! बाकी शरीर तिला फिरवायला दिलंय." इथून व्याख्यान सुरू होतं. मुधोळ किंवा आपल्या लातूर-सोलापूरकडचा कारवान नजरेवर धावतो; ससा दिसेनासा झाला की त्याच्या दृष्टीने विषय संपला. बीगल वासावर चालतो. ससा निघून गेला की त्याचा विषय सुरू होतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, याच्या नाकात वीस कोटींच्या वर. १९८४ पासून लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगांतली फळं आणि मांस हुडकायला अमेरिकन सरकारने हेच नाक कामाला लावलं. "तिकडे सरकारी नोकरी, पेन्शनसकट!" पेन्शन ही साईंची भर.

कॅम्प ५ मध्ये हे नाक दाल-पकवानच्या गाडीवर रुजू असतं. रविवारी सकाळी साईं बीगलला फिरवायला निघतात आणि चौक येईपर्यंत बीगल साईंना फिरवू लागतो. पट्टा ते कधीही सोडत नाहीत. एकदा जमिनीला नाक लागलं की याला आपलं नाव ऐकू येत नाही, हे ते जाणून आहेत. वालधुनी नदीच्या काठाने मात्र जाणं नाही. "आपल्याला तिथे एक रुमाल पुरतो. याच्या नाकाला अख्खा तागा लागेल!"

पिल्लं झाल्याची बातमी फुटली की गिऱ्हाईकं येतात. सिंधी घराच्या रिवाजाप्रमाणे आधी पापड आणि पाणी येतं. पाहुण्याला तो पाहुणचार वाटतो. प्रत्यक्षात परीक्षा सुरू झालेली असते. समोर बसलेल्या बीगलच्या केविलवाण्या डोळ्यांना भुलून ज्याने पापडाचा तुकडा टाकला, तो तिथेच नापास. "हा खाऊन मरणारा कुत्रा आहे. याला 'नाही' म्हणू शकेल असा माणूस पाहिजे."

बदलापूरचा एक तरुण पापडात पास झाला.

"सकाळी कितीची लोकल?"

"सहा चाळीस."

"परत?"

"नऊ वाजतात."

"मासे पाळा."

अंबरनाथच्या नव्या टॉवरमधलं जोडपं मुलाच्या सहाव्या वाढदिवसाला पिल्लू द्यावं म्हणून आलं. "बीगल बारा-पंधरा वर्षं जगतो. पोरगा कॉलेजात गेला की फिरवणार कोण?" दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. "मासे पाळा."

तिसऱ्याने मादीच मागितली. वर्षाला दोन वेतं, वेताला सहा पिल्लं, असा हिशेब त्याने मोबाईलवर मांडूनच आणला होता. साईंनी भिंतीवरचा लॅमिनेट केलेला कागद दाखवला. केंद्र सरकारचे २०१७चे श्वान-प्रजननाचे नियम : राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मादी १८ महिन्यांच्या आत आणि ८ वर्षांनंतर वापरायची नाही, वर्षात एकच वेत, जन्मात पाचच्या वर नाहीत, आणि ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून विकायचं नाही. "भाऊ, बरमूडा शिवायचं मशीन घ्या, त्याला बाळंतपण नसतं." या माणसाला त्यांनी मासेसुद्धा सुचवले नाहीत.

हा सगळा कडकपणा दुसऱ्यांपुरताच, असं गल्लीला वाटायचं. मग त्यांच्या सगळ्यात देखण्या मादीच्या सख्ख्या भावाला फिट्स येऊ लागल्याची बातमी पुण्याहून आली. बीगलांत हा आजार रक्तातून उतरतो. तिच्या पिल्लांसाठी आगाऊ पैसे देणारे रांगेत उभे होते. साईंनी आठवडाभरात तिचं ऑपरेशन करून टाकलं आणि पैसे परत केले. शेजारच्या दुकानदाराने वेड्यात काढलं. साईं एवढंच म्हणाले, "लेबल उसवता येतं. खून कसं उसवू?"

चुकून कोणी पास झालंच, तर त्याची सुटका नाही. 'सांभाळता आलं नाही तर कुत्रा मलाच परत' अशा करारावर सही होते आणि दर महिन्याला साईं वजनकाटा काखेत मारून रिक्षाने त्याच्या दारी हजर होतात. अंबरनाथच्या एका निवृत्त मोटरमनने सही केली. त्यांच्याकडे आता ती तारीख जवळ आली की घरात पापड तळणं बंद होतं.

पिल्लांच्या धंद्यात साईं दरवर्षी तोट्यात. फायदा झाला तो गल्लीच्या टोकाच्या फिशटँकवाल्याचा. साईंकडून उतरलेलं गिऱ्हाईक पोराचं तोंड वाकडं नको म्हणून थेट त्याच्याकडे चढतं. यंदा दिवाळीला तो कृतज्ञतेने काजूकतलीचा डबा घेऊन आला. साईंनी त्याला बसवलं, पापड-पाणी दिलं आणि विचारलं, "टाकीचं पाणी किती दिवसांनी बदलतोस?"