गटाचे पैसे

आमच्या गावच्या बचत गटाची मासिक सभा तारखेवर ठरत नाही, तिथीवर ठरते. आणि त्या तिथीचा संबंध देवाधर्माशी नसून निव्वळ पाण्याशी असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाण्याला ओढ असते, जाळी भरून येतात. त्या दिवसांत अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यातल्या कुठल्याही कोळणीला सभेला बोलावणं म्हणजे ऐन दिवाळीत मिठाईवाल्याला गप्पा मारायला बोलावणं. अष्टमीच्या सुमाराला भांग लागतो, पाणी मंदावतं, होड्या किनाऱ्याला विसावतात, तेव्हा कुठे समाजमंदिरात सतरंजी पडते. बँकेच्या हप्त्याची तारीख मात्र वर्षभर एकच. चंद्राचं आणि बँकेचं गणित जुळेनासं झालं, की खजिनदारबाई मासळीच्या गल्ल्यातून हप्ता भरून येतात आणि पुढच्या सभेत तेवढे पैसे काटेकोरपणे वसूल करतात. पंचांगकर्त्यांनी अशाच अडचणीवर अधिक मासाची तोड काढली होती. खजिनदारबाईंची तोड जास्त चपळ आहे.

मी या गटाची सभासद नाही. निवृत्त शिक्षिका, अक्षर बरं, म्हणून इतिवृत्ताची वही माझ्याकडे आली. वहीची भाषा मोठी सोवळी. अर्धा तास चाललेलं भांडण, ज्यात दोघींच्या माहेरांचा उद्धार झालेला असतो, ते वहीत 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' एवढ्या ओळीत मावतं. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे लिहावंच लागतं. बहुधा जी सर्वांत जास्त भांडली तिलाच अनुमोदक करतात. उशिरा येणारीला दहा रुपये दंड. आणि मग येतो माझा आवडता रकाना : कर्जाचं कारण. या रकान्यात आमच्या गावात शेळ्यांची मोठी पैदास आहे. त्यांतली एकही कुणाच्या परसात शिरली नाही, कुणाची अळूची पानं खाल्ली नाहीत. एक शेळी धाकट्याच्या कॉलेजच्या फीमध्ये गेली, एक छपरावरच्या पत्र्यांत, आणि एक धष्टपुष्ट शेळी पुतणीच्या हळदीच्या रात्री बेंजोच्या तालावर पहाटेपर्यंत नाचली. पहिल्यांदा मी लेखणी थांबवून शिक्षिकेच्या नजरेने पाहिलं, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "लिवा शेली. ती काय उठून बँकेन जाते?"

खरं कारण सांगायला इथे कुणी लाजत नाही. ते फक्त छापील रकान्यात बसत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा काळ, शिवाय खवळलेला समुद्र. बंदी रास्तच आहे. पण याच जूनमध्ये शाळा उघडतात. वह्या, दप्तरं, छत्र्या, गळक्या छपरावर घालायची ताडपत्री, जाळ्यांची डागडुजी, होडीला रंग, असा सगळा खर्च मिळकत थांबताक्षणी दारात उभा राहतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो, तो भक्तीने खराच, पण त्यात दोन महिने उधारीवर काढलेल्या माणसाचा सुटकेचा निःश्वासही असतो. मे महिन्यात कोळणी दारापुढे बोंबील, जवळा, सोडे वाळवतात, ते या दिवसांची तजवीज म्हणून. गट म्हणजे त्याच वाळवणाचा पुढचा भाग, एवढंच की पैशाला कावळे अधिक.

कावळ्यांचा बंदोबस्त गटाच्या आधी भिशीने केला. बाराजणी, दरमहा पाचशे, एक स्टीलचा डबा, आणि चिठ्ठी उचलायला एखादं निरागस पोर. जिची चिठ्ठी पहिली निघते तिला सहा हजारांचं बिनव्याजी कर्ज मिळतं आणि जिची शेवटची तिची सहा हजारांची बिनव्याजी बचत होते. मधल्या दहाजणी थोड्या सावकार, थोड्या कर्जदार. पुढे सरकारला हे सुचलं. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 सालचं. 1992 मध्ये नाबार्डने देशभरात पाचशे गट बँकांना जोडून पाहण्याचा प्रयोग केला, आणि तारण म्हणून गहाण ठेवायला काहीच नसलेल्या बायकांना बँकेचं दार उघडलं. नंतर सरकारचं 'उमेद' अभियान आलं, त्याबरोबर फिरता निधी आला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्यातले, 1896 साली महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. 1943 मध्ये ते गव्हर्नर झाले आणि त्यांच्या सहीच्या नोटा निघाल्या. त्यांतली एखादी फिरत फिरत इथल्या एखाद्या आजीच्या कनवटीला आली असेल, असं मला उगीचच वाटत असतं. मेघदूत मराठीत आणणारा आणि महागाई समजणारा माणूस एकच असावा, हा योग तसा दुर्मीळ. आमच्या गटाची सभा त्यांना कळली असती. पावसाळा आणि पैसा हे दोन्ही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

पण या साऱ्या कारभाराची गंमत मला फार उशिरा, एका ओट्यावर कळली. शेजारच्या मावशींकडे त्यांचा भाचा आला होता. मोटारसायकल घ्यायची, पाच हजार कमी पडत होते. मावशी मऊ स्वभावाच्या. आयुष्यात त्यांनी कुणाला 'नाही' म्हटल्याचं ऐकिवात नाही. दीर, जाऊ, नवऱ्याचे मित्र, देवळाची वर्गणी मागणारे, सगळे त्यांच्या मऊपणावरून ये-जा करत आलेले. त्यांनी भाच्याला चहा दिला, वर करंजी दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच लाघवाने म्हणाल्या, "नाय रं बाला, ते पैशे गटाचे हान." भाच्याने मान डोलावली. आत्याचे पैसे असते तर तो तासभर बसला असता. गटाच्या पैशांपुढे मात्र तो, जणू सरकारी हद्दीची खूण दिसावी, तसा मुकाट्याने वळला.

स्वतःचा पैसा टिकवायचा तर आधी तो स्वतःचा नाही असं जाहीर करावं लागतं! इतकी वर्षं मी शाळेत फळ्यावर बचतीचं महत्त्व लिहीत होते, त्यात हे कलम नव्हतं. गटाचे दरमहा शंभर रुपये काही कुणाचं दैन्य फेडत नाहीत. बाराजणींचे वर्षाचे 14,400 होतात, तेवढ्यात होडीचं इंजिनही येत नाही. पण चारचौघांत उच्चारता येईल असा नकार त्या शंभरात मिळतो, आणि तो मावशींना साठ वर्षांत कुठे मिळाला नव्हता. नवराही गटाच्या पैशाला हात लावत नाही. बायकोशी भांडता येतं, बाराजणींशी कोण भांडणार?

व्याजाचा प्रकार याहून गोड आहे. कर्जावर महिन्याला शेकडा दोन, म्हणजे पाच हजारांवर शंभर रुपये. ते देताना प्रत्येकीचा चेहरा दाढ काढायला बसल्यासारखा. दिवाळीआधी तेच व्याज गोळा होऊन वाटप होतं, आणि जिने सर्वांत जास्त व्याज भरलेलं असतं तीच 'औंदा नफा चांगला झाला' म्हणून सर्वांत जास्त खूश असते. मी एकदा हिशोब समजावून सांगायला गेले होते. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला फराळाला बसवलं.

गेल्या वाटपानंतर अभ्यासदौऱ्याचा ठराव झाला : स्थळ कार्ला, एकवीरा आई. अभ्यास कशाचा, हे वहीने विचारलं नाही. अलिबाग-पुणे एस.टी.त आम्ही सगळ्या चढलो. गटातली सर्वांत थोरली, जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन दुसऱ्यांच्या तिकिटांवर लग्नांना नि मयतांना गेलेली आजी, खिडकीशी बसली. वाटपातल्या नोटांची गाठ पदरात होती. कंडक्टर आला तशी तिने गाठ सोडली. त्याने आधार कार्ड पाहिलं, पंचाहत्तरच्या पुढची म्हणून शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. 2022 पासून तसा नियमच आहे. आजीचा चेहरा उतरला. "मना फुकट नको," ती म्हणाली, "माजे पैशे हान." वर्षभर जे गटाचे होते ते त्या दिवशी पहिल्यांदा तिचे झाले होते, आणि नेमकं सरकार आडवं आलं. कंडक्टर भला माणूस. त्याने पुन्हा नियम सांगितला. तिने पुन्हा नोट पुढे केली. मागे पेणच्या प्रवाशांची चुळबूळ सुरू झाली. शेवटी तिने पुढच्या सीटवरच्या दोघींची अर्धी तिकिटं काढली, उरलेले सुटे मोजून पदरात बांधले आणि मगच तिला बाहेरची खाडी दिसू लागली.

परतल्यावर दौऱ्याचा खर्च लिहायला बसले. त्या दोघींचं भाडं गटानेही दिलं होतं, कारण ते आधीच मंजूर होतं. त्यामुळे दोन अर्धी तिकिटं जास्त भरतात. ते पैसे आजीला परत करावेत, असं मी सुचवलं. आजी म्हणाली, परत केलेत तर मी गट सोडते. लेखापरीक्षणाला ताई पुढच्या महिन्यात यायच्या आहेत. ही रक्कम कुठल्या रकान्यात घालायची, म्हणून मी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्या मांदेली निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिवा शेली."